मोठ्या मायचा चुल्हा

मोठी माय, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली भावजय, चिडली की आधी हातातली फुंकणी आपटायची आणि मग बोलायची. रनाळ्यातल्या आमच्या गल्लीला तो आवाज पाठ होता.

मी शाळेत मराठी शिकवते. ‘चूल’ हा शब्द संस्कृत ‘चुल्ली’वरून आला, असं एकदा तिला सांगायला गेले. “ऱ्हाऊ दे तुन्ही शाळा,” ती म्हणाली. “तीन दगडवर घर उभं ऱ्हास, तो चुल्हा.” ‘चुलता’ शब्दाची तिची फोड तर अशी, की कोशकारांनी कानांवर हात ठेवावेत. “येगळा चुल्हा मांडस, तो चुलता!”

कोश काहीही म्हणोत, तिच्या दोन्ही पोरांनी तिचं म्हणणं खरं केलं. घराच्या मधोमध भिंत घातली, दोन गॅस आणले आणि आईला मागच्या पडवीत चूल मांडून दिली. वर जगाला सांगत फिरायचे, “मायला चुलीवरचीच भाकर आवडते.” आवडते म्हणे! मेल्यांनो, तिला विचारलं होतं का कुणी?

मग गावात एक लग्न निघालं. चूलबंद आवतण आलं की त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी मांडवात जेवायचं, ही आमच्याकडची रीत. आवतण देणारा दारात येऊन ओरडला, “कितला चुल्हा शेतस?”

“दोन,” थोरला म्हणाला.

मागून फुंकणी आपटली. “तीन! मी काय मरेल शे का?”

लग्नाच्या दिवशी तिनं चूल सारवली, नवं लुगडं नेसली आणि मांडवात पहिल्या पंगतीला जाऊन बसली. पोरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

यंदा थंडीत ती गेली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीच पिठलं-भाकरी आणून देतात. पण पुरुष मंडळी तिला पोचवून आली, आंघोळी उरकल्या, आणि थोरल्याच्या घरातून कांद्याच्या फोडणीचा खमंग वास सुटला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच आत शिरले.

थोरला खाटेवरून म्हणाला, “ताई, आम्ही चुल्हा कोठे पेटाडा? मायना चुल्हा मांगे थंडाच शे. हाऊ ते गॅस शे.”

जिवंतपणी जी चूल मोजायला जीभ रेटली नाही, ती आज बरी आठवली! मी गॅस बंद केला. मागच्या पडवीतून तिची फुंकणी आणली आणि ओट्यावर दाणकन आपटली. भिंतीपलीकडचा धाकटाही धावत आला.

“तीन चुल्हा शेतस ह्या घरमा,” मी म्हणाले. “आज तिन्ही बंद ऱ्हातीन.”