घाई कुणाची मोठी?

गुंदहून जोयड्याला जाणारी बस दार लागेना इतकी भरली, की सुंदराक्का पायरीवरून विचारायची, "घाई कुणाची मोठी हाय?" कुणी दवाखान्याला निघालेलं असे. मग ज्याला घाई नसे तो उतरून दुपारच्या बसची वाट बघे. अक्का त्याच्या हातावर पिशवीतलं केळं ठेवी. "मागं ऱ्हाणाऱ्याला उपाशी ठेवायचं न्हाई," हे तिचं ठरलेलं वाक्य.

अक्का आमची शेजारीण. तिच्या शेवंताचं हैदराबादेत ऑपरेशन ठरलं. "आत नेताना पोरीचा हात धरायला पायजे. मास्तर, चला की वांगडा," ती म्हणाली. मी सोबत गेलो.

गोव्याच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "विमान भरलंय. तुम्हा दोघांना उद्या पाठवतो." उद्या म्हणजे ऑपरेशन होऊन गेल्यावर.

"तिकीट हाय न् शीट न्हाई? आमची गुंदची गाडी बरी की गं!"

मी नियम वाचून आलो होतो. जागेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली, तर कंपनीने आधी राजीखुशीने मागे राहणारे कोणी आहेत का ते विचारायचं आणि त्यांना काही सवलत द्यायची. पण हे मी पुटपुटलो ते फक्त अक्काच्या कानाशी.

"आगा मास्तर, ह्यो तर आमच्याच गाडीचा न्येम!" ती रांगेकडे वळली. "सकाळी माझ्या पोरीचं आपरेशन हाय. कुणाला घाई न्हाई?"

काउंटरवरच्या मुलीलाही मग तेच रीतसर विचारावं लागलं. एक नवं जोडपं लाजत पुढे आलं.

"तुमाला कशाला घाई असंल!" अक्का हसली आणि पिशवीत हात घातला.

"आजी, त्यांना जेवण आम्ही देणार आहोत," मुलगी म्हणाली.

"दे की. जेवणावर क्याळं खातील."

सकाळी तिने शेवंताचा हात धरला. शेवंता बरी झाली.

अक्काला जाऊन थोडेच दिवस झालेत. बाराव्याला येणाऱ्या शेवंताला आणायला मी जोयड्याला गेलो. गुंदची बस गच्च भरलेली. शेवंता पिशवी घेऊन खालीच उभी. चारचौघांत माझा आवाज कधी निघत नाही, त्या दिवशी पायरीवर चढून मी विचारलं, "घाई कुणाची मोठी आहे?"

मागून एक बाई वाट काढत आली, उतरली आणि माझ्यापुढे हात पसरून म्हणाली, "क्याळं आणलंय न्हवं, मास्तर?"

आणलं होतं.