वारा पडेपर्यंत होळी नाही

तुमच्या वसाहतीतली होळी कोण पेटवतं हे तुम्ही झोपेतही सांगाल; पण ती विझवतं कोण, हे सांगता येईल का? मला येतं, कारण आगीवर इतका पक्का अविश्वास असलेला माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल आणि तो आमच्याकडे राहत होता. ते माझ्या मित्राचे वडील. आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणायचो. धुळ्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाच्या गाठींच्या गोदामावर मुकादमी करून ते निवृत्त झाले आणि जळगावात मेहरूणकडच्या आमच्या वसाहतीत मुलाकडे आले. येताना एक वळकटी आणि एक पत्र्याची डबी घेऊन आले. आबा स्वतः विडी ओढत नसत. डबी दुसऱ्यांच्या थोटकांसाठी होती. धुळे-जळगाव एसटीत शेजाऱ्यानं विडी पेटवली की आबा भांडत नसत. ते डबी उघडून त्याच्या हनुवटीखाली धरत आणि पारोळा येईपर्यंत तशीच धरून बसत. पारोळ्यापर्यंत विडीची चव टिकलेला माणूस मी पाहिला नाही.

दुसरी सवय पालथ्या हाताची. कुठल्याही घरात शिरले की आधी रेडिओला, विजेच्या बटणाला, इस्त्रीला, उभ्या स्कूटरला पालथा हात लावून पाहायचे आणि मगच चपला काढायचे. माझ्या मित्रासाठी मुलगी पाहायला गेलो, तर पोहे यायच्या आधीच आबा उठून सरळ स्वयंपाकघरात गेले. मुलीची आई घाबरून उभी राहिली. आबा वेळीच विझवलेल्या स्टोव्हला हात लावून बाहेर आले आणि म्हणाले, "घर चांगलं शे. स्टोव्ह इझाडता येस." लग्न जमलं ते त्या वाक्यावर. पत्रिका नंतर पाहिल्या.

याचं मूळ कापसात होतं. गाठीत ठिणगी गेली तर ती लगेच पेटत नाही, आत दबून राहते. वरून गाठ पांढरीशुभ्र, थंडगार. आणि आठवड्यानं गोदाम पेटतं. तरुणपणी आबांनी अशा एका गाठीकडे नुसतं डोळ्यांनी पाहून "इझनी", म्हणजे विझली, असं सांगितलं होतं. सातव्या दिवशी गोदाम गेलं. माणूस कोणी दगावला नाही, पण जिनातल्या बायकांचं काम त्या हंगामापुरतं बुडालं. हे ते मला एकदाच म्हणाले, तेही मान दुसरीकडे वळवून. "आग इझत नही भाऊ, निजस."

आमची होळी नगरपालिकेच्या बागेत व्हायची. आबा आले त्याच वर्षी त्यांनी ती ताब्यात घेतली; कोणी दिली नव्हती. झाडापासून वीस पावलं, विजेच्या तारेपासून तीस, आणि पावलं त्यांचीच. होळीची उंची आबांच्या डोक्याइतकी, म्हणजे फार नाही. वर पऱ्हाटी घालायची नाही, कारण तिच्या काटक्यांवरची कपाशीची वाळकी बोंडं पेटली की उडतात. टायर आणणाऱ्या तरण्या पोरांना ते टायरसकट घरी पोचवून येत. नायलॉनची साडी नेसून आलेल्या नव्या सुनेला म्हणत, "दूरथून पाया पड बेटा." नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, तरी आदल्या दिवशी दोन ड्रम होळीसाठी भरून ठेवायला लावत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे केळी. घड उतरवल्यावर केळीचं खोड शेतकऱ्याला नकोच असतं. आबा बैलगाडीभर खोडं आणवून होळीभोवती दुहेरी कडं घालत. पाण्यानं भरलेल्या त्या खोडांवर ठिणगी पडली की चुर्रकन विझायची. कड्याच्या आत आबांशिवाय कोणी जायचं नाही. वसाहतीच्या मंडळाचे अध्यक्ष एका कचेरीत मोठे कारकून होते, पण पूजेपुरतेच आत यायचे, तेही आबांनी बोलावल्यावर.

पुढे एका वर्षी मंडळाचं पत्रक मी लिहिलं. त्या वयात मी प्रत्येक अन्यायावर पत्रक काढत असे आणि जगात अन्याय भरपूर होते. वृक्षतोडीविरुद्ध चार परिच्छेद, 'समस्त नागरिकांनो!' अशी हाक, आणि खाली ठळक अक्षरांत: होळी ठीक सात वाजता. आबांनी पत्रक वाचलं, बोटांत चुरगाळून पाहिलं. "कागद कोरडा शे," ते म्हणाले. "पेटाडाले चांगला." मग सातच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "आन् हाई वाराले इचारं का?"

मी हसण्यावारी नेलं. पण होळीच्या दिवशी दुपारपासून पश्चिमेचा वारा सुटला तो थांबेना. सात वाजले. बायका नैवेद्याची ताटं पदराखाली धरून उभ्या होत्या. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, काडेपेटी काढली, आणि आबा शांतपणे कडं ओलांडून रचलेल्या होळीवर चढून बसले. खाली लाकडं, वर गोवऱ्या, गोवऱ्यांवर आबा.

"आबा, मुहूर्त टळतोय!" अध्यक्ष म्हणाले.

"वारा पडू द्या."

"अहो, लोक ताटकळलेत. उतरा खाली."

"पेटाडनी व्हई ते मन्हासंगे पेटाडा."

मागून कोणीतरी ओरडलं, "आबा, होळीवर होलिका बसते!"

"येऊ दे तिले," आबा गोवऱ्यांवर जरा बाजूला होत म्हणाले. "मी सरकस."

लोक हसले, पण मी नाही. सगळ्या वसाहतीत माझं पत्रक गेलं होतं. मी कड्यापाशी जाऊन तावातावानं म्हणालो, "आबा, सात छापलंय. शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"पत्रक वाचीसन वारा थांबस का?" त्यांनी विचारलं. मग पूर्वेकडे हात केला. "जथा वारा जास, तथा जाय. मंग ईसन सांग मले."

मी रागानंच निघालो. बागेची पूर्वेकडची भिंत पडलेली होती. तिच्या पलीकडे मजुरांच्या दहा-बारा झोपड्या होत्या, हे मला माहीत होतं. पण तिकडे मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. कुडाच्या भिंती पऱ्हाटीच्या, वरून मातीनं लिंपलेल्या, छपरावर वाळलेलं गवत. प्रत्येक दारापुढे सामान काढून ठेवलेलं होतं: ट्रंक, गोधड्या, भांडी, भिंतीवरून उतरवलेली तसबीर. एक बाई ओलं पोतं मांडीवर घेऊन ट्रंकेवर बसली होती. मला वाटलं, बिऱ्हाड हलवतायत.

"कुठं चाललात, अक्का?"

"कोठेच नही," ती म्हणाली. "आज तुमनी होळी शे ना."

दर वर्षी होळीला त्या सगळ्यांचं सामान असंच बाहेर यायचं. मी विचारलं, आत कधी ठेवता?

"आबा ईसन सांगतस, इझनी म्हनीसन. मंग ठेवतस."

"आणि आबा नव्हते तेव्हा?"

"तवय रातभर जागच," ती म्हणाली. तक्रार नव्हती, विचारलं म्हणून सांगितलं. उरलेली पत्रकं माझ्या हातात होती. 'समस्त नागरिकांनो' त्यांवर छापलेलं होतं, आणि या दहा-बारा दारांत आम्ही एकही वाटलं नव्हतं.

मी परत आलो, कडं ओलांडलं आणि आबांशेजारी गोवऱ्यांवर बसलो. अध्यक्ष म्हणाले, "काय रे, तूसुद्धा?" मी म्हणालो, "वारा पडू द्या साहेब."

वारा सव्वाआठला पडला. होळी पेटली, पोळ्या गार झाल्या होत्या, लोक कुरकुरत घरी गेले. आबांनी दोन्ही ड्रम ओतायला लावले, राख फावड्यानं उकरून पुन्हा पाणी मारलं, चार जागी पालथा हात लावला आणि पडलेल्या भिंतीवरून पलीकडे गेले. थोड्या वेळानं ट्रंक जमिनीवरून आत ओढल्याचा आवाज ऐकू आला. मंडळाच्या पुढच्या बैठकीत 'कार्यक्रमात व्यत्यय' अशी नोंद झाली.

पुढे मित्राची बदली धुळ्याला झाली, आबाही त्याच्याबरोबर गेले, आणि तिकडेच वारले. त्यांच्या मागे पहिल्या वर्षी वारा असताना मीही होळीवर जाऊन बसलो. अध्यक्ष म्हणाले, "उतर." दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी उतरलो. आबांचं वजन पंचेचाळीस किलोही भरलं नसतं, पण त्यांना कोणी उतरवू शकलं नव्हतं. त्या वर्षी काही जळलं नाही. पण मला अजून खात्रीनं सांगता येत नाही की ती रात्र त्या लोकांनी कशी काढली, कारण मी विचारायला गेलो नाही.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. यंदा काडी ओढण्याआधी वारा जातो तिकडे पन्नास पावलं चालत जा आणि कोणाचं सामान दाराबाहेर आलंय ते पाहून या. आणि होळी विझली, की राखेला स्वतः हात लावून त्यांना जाऊन सांगा, की आता आत ठेवा.