काढा म्हणजे काय

नांदेडच्या त्या कार्यालयात सर्व्हर ठेवलेली खोली पूर्वी मोरी होती. फरशीचा उतार तसाच, कोपऱ्यातली जाळीही तशीच. दार लागत नसल्यामुळे येणारा-जाणारा त्या जाळीत गुटखा थुंकायचा. कीबोर्डची एंटरची कळ चिकट होती. मी स्पिरिटने पुसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकट.

मी लातूरची, इथे संगणकाच्या कामाला कंत्राटावर लागलेली. कॉलेजात तीन वर्षं विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिली, वाटली. 'अर्ज दिला की पोच घ्या, शिक्का बघून घ्या' हे माझंच वाक्य. आता मी शिक्क्याच्या आतल्या बाजूला बसले होते.

मुलींच्या वसतिगृहांचे अर्ज आमच्याकडे यायचे. कागद स्कॅन होऊन तालुक्याच्या फोल्डरात जायचा आणि मूळ प्रत बस्त्यात बांधून जिन्याखाली. फाइलीला मुलीचं नाव. आधीच्या माणसाने लिहिलेल्या स्क्रिप्टांत, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांत, ते नाव अवतरणचिन्हांत घातलेलं नव्हतं. त्यामुळे नाव आणि आडनाव यांच्यात जागा आली की संगणक एका मुलीच्या दोन मुली करायचा आणि दोन्ही सापडत नाहीत म्हणायचा. दोन चिन्हांचं काम, ते कुणी केलं नाही. उलट हिमायतनगरहून आलेल्या मुलीला 'तुझी फाइल उघडत नाही' म्हणून परत पाठवायचे. पहिल्या आठवड्यात मी ती चिन्हं घातली. कुणाला कळलंही नाही.

तर त्या दिवशी डिस्क भरली. हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडे बाबू म्हणत, नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले. "मॅडम, मशीन जागा न्हाई म्हणून राहिली. गेल्या सालचं काढा समदं."

मी छोटी स्क्रिप्ट लिहिली: तालुक्याचं नाव द्यायचं, फोल्डर कायमचं पुसलं जातं. 'नक्की का?' असं ती विचारत नव्हती. विचारायला नको अशी सूचना मीच तिला दिली होती, घाई म्हणून. गेल्या सालचं भोकर गेलं, हदगाव गेलं.

मधेच खिडकीवर एक मुलगी आली, किनवटच्या पलीकडच्या गावची. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेली पोच काढली. "ताई, शिक्का बरुबर हाय ना?"

"हाय. जा बिनघोर."

दुपारी बडे बाबू जिन्यातून ओरडले, "मॅडम, किनवटचं पण काढा हो."

"हाव," मी म्हणाले. किनवट लिहिलं आणि पुढे चांदणीची खूण टाकली. चांदणी म्हणजे किनवटने सुरू होणारं सगळं. त्यात 'किनवट जुने' होतं आणि 'किनवट नवे', म्हणजे यंदाचे अर्जही. चिकट कळ दाबली.

तीन वाजता ते आले. "द्या."

"काय?"

"किनवटचे प्रिंट. चारला बैठक हाय. काढले ना? हाव म्हणलात की."

"काढले म्हणजे, काढून टाकले."

"टाकले कुठं?"

"कुठंच नाही. गेले."

आपल्या भाषेत चित्र काढतात, दूध काढतात, माणसाला कामावरून काढतात, आणि प्रिंटही काढतात. त्यांनी एक काढलं, मी दुसरं. जादा प्रत ठेवायची डिस्क होती, पण तिच्यात साहेबांच्या मेहुण्याच्या लग्नाचा व्हिडिओ भरलेला.

बडे बाबू शांतपणे जाळीपाशी जाऊन थुंकले. "बरंच झालं म्हणा. एकसष्ट अर्ज, जागा वीस. आता छाननीची कटकटच न्हाई. यादीत समद्यांच्या नावापुढं 'कागदपत्रे अप्राप्त' टाका, वीस जागा दुसऱ्या तालुक्यांना जातील. तुमच्या मशीनला येतं ना एका फटक्यात?"

"येतं. पण चूक माझी आहे."

"चूक कुणाची म्हणून कोण विचारून राहिलंय? त्या पोरी येणारेत का हितं, जंगलातून?"

मी बसले आणि ती ओळ लिहिली. हे सांगताना आजही स्वतःची घाण वाटते. माझं कंत्राट वाढवायचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. फक्त या वेळी हात पोळलेला असल्यामुळे ओळीच्या आधी 'इको' घातलं. त्याने संगणक काम करत नाही, काय करणार ते नुसतं दाखवतो. ही सवय आधी ठेवली असती तर चांदणीच्या तावडीत कोण कोण आलंय ते दिसलं असतं.

पडद्यावर एकसष्ट नावं सरकली. प्रत्येकापुढे अप्राप्त. एकीच्या नावात बापाऐवजी आईचं नाव. शेवटून चौथी, सकाळची पिशवीवाली.

मी ओळ खोडली आणि जिन्याखाली गेले. बस्त्यांवर उंदरांच्या लेंड्या, वर कुणाचा तरी आंबलेल्या खिचडीचा डबा. किनवटचा बस्ता उचलला आणि शेजारच्या खोलीतल्या बैठकीत साहेबांच्या पुढ्यात, बिस्किटांच्या बशीला लागून ठेवला. "हे मूळ अर्ज. स्कॅन माझ्या चुकीने पुसले गेले. अर्ज आलेले आहेत, तसं लिहून सही करून देते."

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. बैठकीतल्या दोघांनी रुमाल काढले. इतका वेळ त्या मोरीशेजारी बसून बिस्किटं खाल्ली तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं, पोरींच्या कागदाचा मात्र वास आला.

"उचला हो ते आधी," साहेब म्हणाले. "किनवट उद्या दुपारी घेऊ."

न्यायबियाय काही नाही. वासामुळे एक दिवस मिळाला. बडे बाबू दारात हळूच म्हणाले, "लई हुशार झालात मॅडम. कंत्राटाचं बघू मग."

सत्तावन्न अर्ज नीट निघाले, ते पुन्हा स्कॅन केले; चार उंदरांनी कुरतडलेले. चौघींना फोन केले. पिशवीवालीचा दाखला त्यातच होता.

"तुमीच म्हणलता ना, शिक्का बरुबर हाय?"

"शिक्का बरोबरच हाय. कागद उंदरानं खाल्ला. झेरॉक्स घेऊन ये, उद्या बाराच्या आत."

"मंग पोच कशाला दिलती?"

पत्रकात आम्ही याचं उत्तर कधी लिहिलं नव्हतं. बाराची वेळ पुन्हा सांगून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाकी तिघी सकाळीच येऊन गेल्या. ती पावणेबाराला आली. दाखला स्कॅन केला आणि एकसष्टावी फाइल तिला पडद्यावर दाखवली. तिने स्वतःचं नाव बोट लावून वाचलं. मग झेरॉक्सची दुसरी प्रत पुढे सरकवली. "ह्याच्यावर मारा शिक्का. आन् तुमची सही पण करा. तुमचं नाव वाचता येईल अशी."

सही केली. नाव सुट्या अक्षरांत लिहिलं. तिने घडी घालून पिशवीत ठेवलं आणि दुपारच्या बैठकीची यादी लागेपर्यंत जिन्यात बसून राहिली, बरोबर बडे बाबूंच्या वाटेवर.