मोलकरणीचं बोलणं

आज बाजारात वाळलेल्या मासोळ्यांचा वास आला आणि चांदा शहरातलं पत्र्याचं थेटर आठवलं. रविवारी दुपारी तिथे इंग्रजी सिनेमा लागे, आणि पडद्याशेजारी उभा राहून मी तो मराठीत सांगत असे. खिशात समतेची पत्रकं असत. खेळ सुटला की ती वाटायची.

त्या दिवशी प्रेमभंगाची गोष्ट होती. गोरी नायिका रडत होती आणि मी गहिवरून तिचा शब्द न् शब्द सांगत होतो. तिची काळी मोलकरीण मधूनमधून काही बोलायची, ते मात्र सोडून देत होतो.

पुढे जमिनीवर मासोळ्यांची टोपली घेऊन एक ढिवरीण बसली होती. तिने विचारलं, "भाऊ, थे कारी बाई काय बोलून राह्यली?"

"काही नाही बाई, मोलकरीण आहे ती."

"मंग? मोलकरीण मुकी रायते का?"

बायका हसल्या. माझे कान तापले. मोलकरीण पुन्हा बोलली तेव्हा मी मोठ्याने सांगितलं, "ती विचारते आहे, सकाळपासून काही खाल्लं का?"

"पाह्य," ढिवरीण शेजारणीला म्हणाली, "इतके जन पिरेम करून राह्यले, पन जेवली का म्हून हिनंच इचारलं."

त्या दिवशी पत्रकं खिशातच राहिली. ती पाठ असूनही मला जे कळलं नव्हतं, ते त्या बाईने शिकवलं. तिचे उपकार मी विसरलेलो नाही. पुढच्या रविवारी मी गाडीवानाचं, स्वयंपाकिणीचं, सगळ्यांचं बोलणं सांगितलं. ढिवरीण पुढेच बसली होती. तिने एकदाही मला थांबवलं नाही.