मेमरी कार्डाचं सोनं झालं तेव्हा

यंदा दसऱ्याला आमच्या डोंबिवलीच्या घरात लॅपटॉपची साग्रसंगीत पूजा झाली, आणि संध्याकाळी मी जिने चढत-उतरत लोकांकडून सोनं परत मागत होते... सांगतेच.

माझा लॅपटॉप वीतभर आहे आणि त्याचं स्टोरेज त्याहून लहान. मी घरून दागिन्यांच्या जाहिरातींचे फोटो एडिट करते. चार नेकलेस आणि एक नथ आत गेली की तो 'डिस्क फुल' म्हणून डोळे पांढरे करतो.

मग मी जुगाड केला. लॅपटॉपला मेमरी कार्डाची एक खाच आहे, आणि घरात मेलेल्या फोनांना तोटा नाही. सगळ्यांची कार्डं काढली. एक कामाचं, एक लेकीच्या शाळेचं, एक नवऱ्याचं... नितीनच्या कार्डावर फक्त गुलाबाच्या फुलांवर लिहिलेले सुप्रभात होते, पण ते उडवायचे नाहीत म्हणे.

आणि एक लाल कार्ड. ते आत्याचं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, मोहने गावात राहते. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात धवले म्हणजे लग्नाची गाणी गाऊन विधी लावणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. अख्ख्या गावाची लग्नं आत्याने लावलीत. मागच्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाणं कायमचं बंद केलं.

ऑपरेशनच्या आधी मी मोहन्याला जाऊन तिचे सगळे धवले फोनवर रेकॉर्ड केले होते. मग फोन भरला, लॅपटॉप तर जन्मापासून भरलेलाच, म्हणून ते उचलून लाल कार्डावर टाकले. थोडक्यात, आत्याचा आवाज या जगात एकाच ठिकाणी होता, नखाएवढ्या तुकड्यावर. बॅकअपबद्दल कमेंट करू नका प्लीज, घरच्यांनी काही शिल्लक ठेवलेलं नाही.

तर दसऱ्याला सासूबाईंनी पाट मांडला. त्यावर नितीनचं ड्रिल मशीन, लेकीची कंपासपेटी, माझा लॅपटॉप. "ती चिमुकलीसुद्धा ठेव गं, तीही राबतातच की," म्हणून कार्डंही मांडली गेली. सासूबाईंचा हात सढळ, त्यामुळे ओलं कुंकूही सढळ... आणि शेजारीच आपट्याच्या पानांचा ढीग.

संध्याकाळी आत्या आली. नितीनने दारातच तिला सोनं दिलं, पाया पडला. पाठोपाठ अर्धी बिल्डिंग येऊन सोनं देऊन-घेऊन गेली.

गर्दी ओसरली तशी आत्या लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली. "लाव गो माझे धवले. आयकू दे मना." त्यासाठीच ती आली होती. नवी साडी नेसून, स्वतःला ऐकायला.

मी पाटाजवळ गेले तर लाल कार्ड नाही! पानं चाळायला लागले, तर एका पानाच्या पाठीला लेकीच्या शाळेचं कार्ड चिकटलेलं. ओल्या कुंकवाने, पक्कं. म्हणजे लाल कार्डही असंच कुठल्या तरी पानाला चिकटून 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणत कुणाकडे तरी गेलं होतं.

पळाले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हात झटकले, "अगं, तुमचं सोनं आम्ही लगेच पुढे दिलं. नाहीतर कुठे इतकी पानं आणायची?" चौथ्या मजल्यावरच्या काकांनी चष्मा लावून एकेक पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या वेळी पानाबरोबर काही नसायचं बुवा." सोसायटीच्या ग्रुपवर कळवळून मेसेज टाकला, 'सोन्याला मेमरी कार्ड चिकटलंय का बघा.' त्यावर सप्तरंगी फुलं आणि 'आपणांसही शुभेच्छा' आल्या.

घरी येऊन मी सोफ्यावर बसले आणि चक्क रडले. नवीन कार्ड कुठेही मिळतं हो, पण आत्या आता पुन्हा गाणार नव्हती. आणि हे तिला सांगायचं कसं?

सांगावं लागलंच नाही, तिला दिसत होतं. "कशाला रडतंस गो पोरी," म्हणत तिने बटवा सोडला. घशासाठी ती खडीसाखर बाळगते, तीच मला देत होती. खडीसाखरेबरोबर एक आपट्याचं पान बाहेर आलं. नितीनने दारात दिलेलं. त्याच्या मधोमध लाल कार्ड.

"आत्या, हे... तुला दिसलं नाही?"

"दिसला त. मना वाटला, डोंबिवलीन सोन्याला टिकली लावतान."

मी हसत होते की रडत होते, मला अजून कळलेलं नाही. सासूबाईंनी कोरड्या टूथब्रशने कुंकू काढलं. कार्ड आत सरकवलं. लॅपटॉपने विचार करायला इतका वेळ घेतला की नितीनने देवासमोर पुन्हा हात जोडले... आणि मग आत्याचा आवाज आला. खणखणीत, जुना.

आत्या डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "यो शब्द चुकला." मग तिचे ओठ हलायला लागले, तशी तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

गाणं संपताक्षणी मी सगळे धवले नितीनच्या कार्डावर टाकले. सुप्रभात गेले. डिलीटचं बटण त्यानेच दाबलं.

निघताना आत्याने तेच कुंकवाने माखलेलं पान माझ्या हातात ठेवलं. "घे गो सोना. आता तुझेजवल ठेव."

सोनं खरं तर लहानांनी मोठ्यांना द्यायचं असतं. यंदा आमच्याकडे उलटं झालं, आणि मी आत्याच्या पाया पडले.