सोपं केलेलं विमान

मेल वाचून झाल्यावर मी चष्मा पुसला आणि मेल पुन्हा पहिल्यापासून वाचला. मजकूर तोच होता. इंग्लंडमधल्या एका निवृत्त गृहस्थाने लिहिलं होतं. त्याच्याकडे लहान, एका इंजिनाच्या विमानांचा परवाना होता आणि तो जुन्या विमानांच्या एका संग्रहालयात स्वयंसेवक होता. तिथे दोन इंजिनांचं एक उडतं डकोटा आहे. आज दुपारी त्या विमानावर सहवैमानिक म्हणून त्याचं शिक्षण सुरू होणार होतं, आणि पहिल्याच दिवशी डावं इंजिन मुद्दाम मंद करून सराव होता. आमच्या डकोटावर तो काही महिने रोज हाच सराव करत होता, म्हणून आभार मानायला मेल. शेवटी त्याने लिहिलं होतं, मॅन्युअल म्हणतं त्यापेक्षा बऱ्याच कमी वेगालाही मी आता विमान सरळ ठेवू शकतो. जुनी पुस्तकं जरा भित्रीच असतात, नाही का?

ते शेवटचं वाक्य मी तिसऱ्यांदा वाचलं.

आमचं डकोटा म्हणजे काय ते सांगायला हवं. कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचे प्रोग्राम असतात, सिम्युलेटर. त्यात घालायला जास्तीची विमानं आमच्यासारखे लोक बनवून ऑनलाइन दुकानात ठेवतात. आम्ही दोघं आहोत. माझा भागीदार उत्तनचा. विमान दिसतं कसं ते सगळं त्याचं: पत्र्यावरचे रिव्हेट, सैनिकांचे लोखंडी बाक, इंजिनाखाली ओघळलेलं तेल. विमान उडतं कसं ते माझं: वजन, पंख, इंजिनाची ताकद, सगळे आकडे. मी एका कंपनीत दिवसभर लोकांचे हिशेब तपासतो. संध्याकाळी भाईंदरच्या आमच्या घरात, बेडरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, सैनिक आणि रसद वाहणाऱ्या या जुन्या विमानाचे आकडे तपासायचो. त्यात मला शांत वाटायचं.

डकोटाला दोन इंजिनं, दोन्ही पंखांवर. एक बंद पडलं की चालू इंजिन विमानाचं नाक बंद इंजिनाच्या बाजूला ओढतं. ते पायाने सावरायचं असतं, शेपटीवरच्या सुकाणूने, म्हणजे रडरने. वेग जितका कमी, तितका रडर दुबळा. एका ठरावीक वेगाच्या खाली पायात कितीही जोर असला तरी उपयोग नाही, विमान कुशीवर वळतं आणि उलटं होतं. मी हे अगदी मॅन्युअलप्रमाणे बसवलं होतं. मग तक्रारी यायला लागल्या. बहुतेक गिऱ्हाइकांकडे टेबलावरची एक जॉयस्टिक असते, पायात पेडल नसतात, रडरसाठी दांडाच पिळावा लागतो. "विमान उलटतं", "बनवणाऱ्याने कधी विमान पाहिलंय का", असं आणि पाचपैकी एक-एक तारा.

"बॉस, लोक थकून घरी येतात, मजा करायला घेतात," भागीदार म्हणाला होता. "त्यांना कशाला मारतोस?"

मी रडरच्या ताकदीचा गुणक एकवरून एक पूर्णांक चार दशांश केला. नव्या आवृत्तीच्या टिपेत तसं लिहिलंही, की हाताळणी सोपी केली आहे. टीप कोण वाचतं? तारे वाढले. विषय संपला होता.

आता मी टेबलाशी बसून डकोटा उडवलं. धावपट्टी सोडली, वेग मॅन्युअलच्या आकड्याच्या खाली आणला आणि डावं इंजिन बंद केलं. नाक थोडं हललं. मी जॉयस्टिक पिळली. विमान सरळ झालं. वेग आणखी पंधरा नॉट, म्हणजे ताशी जवळपास अठ्ठावीस किलोमीटर, खाली नेला, तरी सरळ. शहाण्या बैलासारखं चालत राहिलं. ते पडत नव्हतं म्हणून मला घाम फुटला. खरं विमान केव्हाच उलटं झालं असतं. आणि त्या माणसाचे पाय, त्याचे हात, त्याच्या मनातला अंदाज, सगळं माझ्या विमानावर तयार झालं होतं.

मी लगेच मेल टाकला. मोठ्या अक्षरांत लिहिलं की मॅन्युअलच बरोबर आहे. उत्तर नाही.

शनिवार होता, म्हणून भागीदार आलेला होता. येताना त्याने सुके बोंबील आणले होते आणि तो माझ्या बायकोशी स्वयंपाकघरात बोलत होता. मी दोघांना सगळं सांगितलं.

"अरे, बाजूला खरा कॅप्टन बसलेला हाय," तो म्हणाला. "तो काय झोपणार हाय का?"

"जमिनीजवळ असताना हे झालं, तर कॅप्टनला तरी किती वेळ मिळतो?"

"मेल टाकलास ना? मग झालं. आणि 'आमची चूक' असं लिहिलं न्हायस ना? उद्या वकील लावील तो गोरा."

बायकोने हातातली सुरी खाली ठेवली. "मासळीबाजारात त्या वजनकाट्याखाली चुंबक सापडला तेव्हा अख्खा बाजार डोक्यावर घेतला होता तुम्ही. मी लाजेने बाजूला जाऊन उभी राहिले होते. आता स्वतःचा काटा खोटा निघाला, तर मेल टाकून बसलात होय?"

"वहिनी, तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"त्या म्हाताऱ्याच्या. फोन करा, अहो. फोन नाहीये का त्यांच्याकडे?"

संग्रहालयाच्या वेबसाइटवर फोन नंबर होता. तिथे अजून सकाळ होती. मी इंग्रजी वाक्यं मनात जुळवली, दोनदा पुटपुटलो आणि फोन लावला. एका वयस्कर बाईंनी उचलला.

"गुड मॉर्निंग, मॅडम. मी इंडियातून बोलतोय. तुमच्या एका सदस्याच्या कॉम्प्युटरमध्ये एक गंभीर दोष आहे, त्याबद्दल..."

फोन बंद झाला.

भागीदाराला हसू आवरेना. "बॉस, तू तर एकदम आपला मीरा रोडचा कॉल सेंटरवाला वाटलास!"

मग तोही हसायचा थांबला. आमच्या भागातल्या बनावट कॉल सेंटरांवर धाडी पडल्याच्या बातम्या आम्ही वाचलेल्या होत्या. इथल्याच कुठल्यातरी इमारतीतून, माझ्यासारख्याच उच्चारात, अशाच वाक्यांनी परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांना लुबाडलं होतं. त्या बाईंनी जे केलं ते अगदी बरोबर होतं. त्यांना कुणीतरी हेच शिकवलं असणार, की असा फोन आला की एक शब्दही न बोलता ठेवायचा.

मी पुन्हा लावला. उचलला नाही. भागीदाराच्या फोनवरून लावला, तो वाजून वाजून थांबला. मी खुर्चीवरून उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. डोळ्यांसमोर एकच चित्र: हिरव्या गवताच्या वर ते विमान, डावा पंख खाली जातोय आणि एक माणूस निश्चिंत आहे, कारण घरी हे नेहमी सावरतं. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

बाहेर आलो तर बायको दारातच उभी. "कॉम्प्युटरचं नाव काढू नका. इंडियाचंही नको. विमानापासून सुरुवात करा."

"नंबर बघून उचलतच नाहीत त्या."

"उचलेपर्यंत लावा. वीज कंपनीला कसा लावता?"

किती वेळा लावला ते मोजलं नाही, आणि मी न मोजणं ही माझ्या घरात नवलाची गोष्ट आहे. शेवटी उचलला गेला.

मी नमस्कारही केला नाही. "आज डकोटाचं डावं इंजिन मंद करून सराव आहे. त्याआधी मला कॅप्टनशी बोलायचंय."

"मघाचे तुम्हीच ना?"

"हो."

"कॉम्प्युटरवाले."

"हो. पण मला तुमचा पासवर्ड नको, मॅडम. बँकेचंही काही नको. फक्त कॅप्टन द्या. नंतर हवं तर पोलिसांना कळवा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं लांब गेली. मी रिसीव्हरला कान लावावा तसा मोबाइल कानावर दाबून धरला होता. भागीदार तोंडावर हात ठेवून उभा.

"बोला," एक घोगरा आवाज आला.

मी सांगितलं. मी कोण, काय बनवतो, काय बदललं. सांगताना वाक्यं तुटत होती, पण आकडे नीट आले.

"किती फरक?"

"पंधरा नॉट. अजूनही असेल, मी त्याखाली जाऊन पाहिलं नाही."

तो आकडा त्याने स्वतःशी पुटपुटला. "आज चहा घेताना तो म्हणाला, पुस्तक भित्रं आहे. मला वाटलं, गंमत करतोय." मग मागे कुणीतरी त्याला हाक मारली. "मला जायला हवं," म्हणाला आणि फोन ठेवला.

काय करणार ते त्याने सांगितलंच नाही. सराव रद्द करणार, की जाता जाता दोन शब्द बोलून निघणार? सवय दोन शब्दांनी जाते का? परत फोन लावायचं मला धाडस झालं नाही.

मी गुणक पुन्हा एक केला आणि विमान उडवलं. त्याच वेगाला, तेच इंजिन बंद. या वेळी डावा पंख असा खाली गेला की मी जॉयस्टिक पिळायच्या आत जमीन पडद्याच्या वरच्या बाजूला होती. मग पडदा स्थिर झाला. भागीदार माझ्या खांद्यामागे उभा होता. त्याने स्वतः काढलेल्या कॉकपिटमधून तो हे पाहत होता. "आयला," एवढंच हळू आवाजात म्हणाला आणि पलंगावर बसला. त्या दिवशी त्याने परत वकिलाचं नाव काढलं नाही, म्हणजे मेल येईपर्यंत.

तो घरी गेला नाही. बायकोने भात टाकला. कुणीच नीट जेवलं नाही. उड्डाणाची वेळ आमच्या संध्याकाळी येत होती. ती आली आणि गेली. मी त्या संग्रहालयाचं पान आणि तिकडच्या बातम्या पुन्हा पुन्हा उघडत होतो.

मग मेल आला. त्याचाच. मी मोठ्याने वाचला, कारण मनात वाचताना ओळी हलत होत्या.

तो भयंकर चिडला होता. कॅप्टनने सगळ्यांसमोर त्याला पुढच्या सीटवरून उठवलं होतं. मागे, सैनिकांच्या बाकावर बसवलं आणि दुसऱ्याच शिकाऊला घेऊन सराव केला. या दिवसाची त्याने कित्येक वर्षं वाट पाहिली होती. पुढची संधी मिळेल की नाही ते कॅप्टन सांगायला तयार नाही. तुम्ही मला खोटं विमान विकलंत, आणि वर फोन करून माझी अब्रू घालवलीत.

"बघ. केस करणार," भागीदार म्हणाला.

"लिहिलंय ना त्याने स्वतः?" बायको म्हणाली. "मग करू दे."

पलंगावर भागीदाराशेजारी बसलो. तो काहीही म्हणो, त्याने टाइप केलं होतं, म्हणजे तो जिवंत होता.

उत्तर मी एकट्याने लिहिलं. लिहिलं की हो, विमान खोटं होतं, मी जाणूनबुजून तसं केलं होतं, लोकांना आवडावं म्हणून. भागीदाराने वाचलं, एक शब्द खोडायला बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. पाठवलं. त्या माणसाने त्याला कधीच उत्तर दिलं नाही.

खरी आवृत्ती दुसऱ्या दिवशी दुकानात चढवली, या वेळी टीप सगळ्यात वर, लाल अक्षरांत. तारे परत घसरले. पण जुनी आवृत्ती ज्यांनी आधीच उतरवून घेतली आहे, त्यांच्या कॉम्प्युटरवर ती तशीच आहे. नवी घ्यायची की नाही ते त्यांनी ठरवायचं. विकत घेणाऱ्यांची नावं दुकान आम्हाला देत नाही. मी मागून पाहिली. नियमात बसत नाही म्हणाले. मला फक्त संख्या माहीत आहे. त्यातले बहुतेक घरी बसून मजा करणारे असतील, असं भागीदार म्हणतो. बहुतेक असतीलच. मी संख्येकडे पाहतो आणि त्यातून किती वजा करायचे ते मला कळत नाही.