विरजणाचं प्लगिन

माझ्या मेहुण्याइतकं जगावर बारीक लक्ष ठेवणारा माणूस दक्षिण गोलार्धात दुसरा नसावा. उत्तरेचं मी सांगू शकत नाही, कारण तिकडून येऊन आम्हाला आता वीस वर्षं होऊन गेली. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तो सिडनीत केलीव्हिलला राहतो आणि आमचं घर वॉलॉंगॉंगला, गाडीने दीड तासावर. त्याचा व्यवसाय चारचौघांत समजावून सांगणं अवघड आहे. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एक सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. ते दर दहा सेकंदांनी यंत्राची नाडी बघतं आणि आकडा पुढे पाठवतं. पण कुठली नाडी कशी बघायची हे त्याला उपजत कळत नाही; प्रत्येक नव्या गोष्टीसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहून त्याला जोडावा लागतो. त्याला प्लगिन म्हणतात. मेहुणा ही प्लगिनं लिहितो; ऑफिसात पगारासाठी आणि घरी आल्यावर हौसेसाठी. माझ्या बायकोने एकदा तिच्या मावशीला सांगितलं, की तो डॉक्टरसारखंच काहीतरी करतो, फक्त त्याचे रोगी बोलत नाहीत. पुढच्याच आठवड्यात मावशींनी त्याला गुडघ्याचे एक्स-रे पाठवले. त्याने ते परत पाठवले नाहीत. गुडघा दिवसातून किती वेळा दुखतो, याची नोंद आहे का, असं उलट विचारलं.

त्याच्या घरात प्लगिन नसलेली वस्तू शोधावी लागते. पावसाच्या पाण्याच्या टाकीला आहे, कंपोस्टच्या पिंपाला आहे, गॅरेजच्या दाराला आहे. "माझ्यावर तेवढं बसवायचं राहिलंय," असं त्याची बायको एकदा म्हणाली, तर हा गंभीरपणे म्हणाला, "तुझं नेमकं काय मोजायचं ते ठरत नाहीये." एका रविवारी आम्ही जेवायला गेलो होतो. कुकरच्या शिट्ट्या मोजणारं प्लगिन त्याने नुकतंच लिहिलं होतं आणि खिडकीत छोटा माइक ठेवला होता. आम्ही बाहेर गप्पा मारत असताना त्याचा फोन थरथरला. वरणाला एकोणीस शिट्ट्या झाल्या होत्या. हा धावत आत गेला, गॅस बंद केला, झाकण उघडलं, तर डाळ दगडासारखी कच्ची. कुंपणावर एक मॅगपाय मान वर करून गात होता. "डॅड, इट्स अ बर्ड," त्याची मुलगी पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली. "असेल बर्ड," मेहुणा म्हणाला, "पण मोजणी बरोबर आहे."

या सगळ्या पसाऱ्यात त्याचा धर्म एकच. कळलं नाही, तर शून्य लिहायचं नाही. "शून्य म्हणजे बघितलं आणि काही नव्हतं. रिकामं म्हणजे बघताच आलं नाही. या दोन्हींत ज्याची गल्लत होते, तो आमच्या लाइनमध्ये नको." हे त्याने मला सांगितलं आहे, माझ्या शेजाऱ्याला सांगितलं आहे आणि एका बारशाला पाळण्यापाशी उभं राहून बाळाच्या आजोबांना सांगितलं आहे. गणपतीत त्याला मोदक किती खाल्ले असं विचारलं, तर माझी बायको परस्पर उत्तर द्यायची, "नोंद उपलब्ध नाही."

तिच्यासाठीही त्याने एक प्लगिन लिहिलं होतं. इथल्या हिवाळ्यात दही नीट लागत नाही. आमच्या पहिल्या थंडीत तिने कुणाकडून तरी चमचाभर विरजण आणलं होतं आणि ते कधी तुटू दिलं नव्हतं. कालच्या दह्यातून आजचं, आजच्यातून उद्याचं. तिची दर हिवाळ्यातली तक्रार ऐकून मेहुण्याने थंड पेयं ठेवायची एक जुनी एस्की घेतली, आत छोटा दिवा बसवला आणि तापमान मोजणारा सेन्सर लावला. ती संध्याकाळी भांडं आत ठेवायची आणि केलीव्हिलला त्याच्या पडद्यावर तापमानाच्या आलेखात एक टेकडी उमटायची. सकाळी आमच्याकडे फोन वाजायचा.

"ताई, काल बेचाळीसच्या वर गेलं होतं. आंबट झालं असेल."

"खाऊन बघायला ये मग."

रोजचं बोलणं एवढंच. मी पेपर वाचत ते ऐकायचो. ऐकतो आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

एप्रिलमध्ये ती गेली. हॉस्पिटलात जाण्याच्या आदल्या दिवशी तिने लावलेलं दही फ्रिजमध्ये एका वाटीत तसंच राहिलं. मला ते खाता येईना आणि टाकताही येईना. दार उघडायचं, वाटी जागेवर आहे ना बघायचं, दार लावायचं. त्या विरजणाची तेवढी एकच वाटी जगात उरली होती. मेहुण्याच्या पडद्यावर टेकड्या थांबल्या. दिवा बंद, सेन्सर चालू, म्हणून खोलीच्या तापमानाची सपाट रेष. तो सकाळी फोन करायचा, हवेविषयी बोलायचा. दह्याविषयी आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

जूनमध्ये थंडी पडली तेव्हा एका दुपारी मी एस्कीची पिन काढून तिथे हीटर लावला आणि पुस्तक घेऊन बसलो. दीड तासाने मेहुणा दारात उभा. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"भाऊजी, ठीक आहात ना? घरात शून्य डिग्री दाखवतंय."

"पिन काढली होती. हीटरसाठी."

"फोन का नाही उचललात?"

"वाचत होतो."

"काय वाचलंत?"

मी पुस्तकाकडे पाहिलं. "नोंद उपलब्ध नाही," म्हणालो.

तो चपलांच्या कपाटावर बसला आणि तिथेच लॅपटॉप उघडला. "मीच लिहिलंय," शेवटी म्हणाला. "सेन्सरने उत्तर दिलं नाही तर शून्य. ताई मागे लागली होती, घाईत लिहून टाकलं." मग अगदी हळू, "कुणाला सांगू नका."

मी चहा ठेवला. दूध काढायला तो फ्रिजशी गेला आणि दार उघडं ठेवून उभा राहिला.

"ही ताईची वाटी?"

"हो."

"जिवंत आहे विरजण?"

"नसेल आता. सहा आठवडे झाले."

"बघितलंत?"

"नाही."

"मग शून्य कशाला धरताय?"

त्याने वरचा पिवळा थर काढून टाकला, मधलं दही चमच्यावर घेऊन वास घेतला आणि दूध कोमट करायला ठेवलं. सेन्सर हाताशी असताना या माणसाने दुधात करंगळी बुडवली, जशी त्याची बहीण बुडवायची. मग विरजण घालून भांडं एस्कीत ठेवलं, पिन पुन्हा लावली आणि रात्री माझ्याकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भांडं बघितलं. ताकासारखं पातळ, एका कडेला थोडं घट्ट झालेलं. "एकदम उठणार नाही," तो म्हणाला. "इतके दिवस पडून आहे. त्या कडेचं घेऊन पुन्हा लावा." जाण्यापूर्वी त्याने प्लगिनमधलं ते शून्य काढून टाकलं. दोन संध्याकाळी मी एकट्याने दूध तापवलं, बोट बुडवलं, एकदा भाजून घेतलं. दुसऱ्या संध्याकाळनंतरच्या सकाळी फोन वाजला.

"भाऊजी, टेकडी चांगली आलीये. लागलं का?"

मी भांडं तिरकं केलं. दही हललं नाही.

"लागलं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आंबट असेल," तो म्हणाला.

"खाऊन बघायला ये मग," मी म्हणालो.

तो शनिवारी आला, दोन वाट्या दही खाल्लं आणि एका डबीत विरजण घेऊन गेला. एकाच ठिकाणी ठेवलेली गोष्ट जपली असं धरायचं नसतं, हाही त्याच्या लाइनमधला नियम आहे म्हणे. माझ्या टेकड्या वेड्यावाकड्या येतात, कारण मला वेळेचं भान राहत नाही. तो रोज सकाळी त्यावरून बोलतो आणि मी रोज ऐकून घेतो. त्याच्या घरातल्या त्या भांड्याला मात्र त्याने अजून प्लगिन बसवलेलं नाही. त्याची बायको विचारते, मीही एकदा विचारलं.

"बसवीन कधीतरी," तो म्हणाला. "सध्या बोट घालून बघतो."